लाखेनं बुजवलेली वाट

अण्णा गेम खेळत नसत. ते गेममध्ये फिरायला जात.

दुपारी दोनच्या सुमाराला पंचगंगेकाठच्या शुक्रवार पेठेतली त्यांची गल्ली जेवून आडवी झाली, की ते दुकानाचं अर्धं शटर खाली ओढत आणि मागच्या भिंतीकडच्या जुन्या मशीनसमोर बसत. पडद्यावर कधी बर्फ असे, कधी वाळवंट, कधी रात्रभर दिवे जळणारं एखादं परकं शहर. गेमनं त्यांच्या हातात बंदूक दिलेली असे, समोरून माणसं धावून येत असत, आणि अण्णा एका झाडाखाली उभे राहून वर बघत असत.

"ही ढगं बघ," ते म्हणायचे. "कुणीतरी बसून केल्यात ही. एकेक."

तेवढ्यात मागून येऊन कुणीतरी त्यांना मारून टाकी. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. ते पुन्हा उभे राहत आणि पुन्हा त्याच झाडाकडे चालू लागत. दुकानात पंख्याचा आवाज, बाहेर एखाद्या सायकलची घंटी, आणि आत त्या ढगांचं हळूहळू सरकणं. मी बाजूच्या स्टुलावर बसलेली असे. अशा किती दुपारी गेल्या, मला सांगता येणार नाही. आठवताना त्या सगळ्या मिळून एकच लांब दुपार झाली आहे.

ते सगळे गेम चोरीचे होते, आणि सगळे बाधलेले. अण्णा कॉम्प्युटर दुरुस्त करत. लोक कुठल्यातरी वेबसाइटवरून फुकट गेम उतरवून घेत, गेमबरोबर व्हायरस येई, आणि बंद पडलेला कॉम्प्युटर अण्णांच्या टेबलावर येऊन बसे. गिऱ्हाईक बरं करून परत पाठवताना तो गेम, त्याच्या आतल्या चोरासकट, अण्णा आपल्या जुन्या मशीनवर घेऊन ठेवत. त्या मशीनला ते 'रिकामं घर' म्हणत. त्याच्यात एक फोटो नव्हता, एक पत्र नव्हतं, कसला पासवर्ड नव्हता.

"ह्या घरात चोरण्यासारखं काय बी न्हाय," ते मला म्हणाले होते. "चोर येतो, सगळं धुंडाळतो, आणि कट्टाळून बसतो. मग आम्ही दोघं मिळून ढगं बघतो."

इंटरनेटची वायर जिथे खोचतात ते मशीनमागचं भोक त्यांनी लाखेनं बुजवलं होतं. पेन ड्राइव्हची भोकंसुद्धा; गेम आत घ्यायचा तर ते मशीनचं झाकण काढून डिस्क जोडत. गडद तांबडी, चकचकीत लाख. अण्णा मूळचे हुपरीचे. तिथे घरोघरी चांदीचं काम चालतं. त्यांच्याही घरी पैंजण व्हायचे आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून ते पैंजणाच्या बारीक कड्या जोडत बसायचे. पुढे कॉम्प्युटरच्या आतल्या सर्किटच्या पाट्यांवरचे तुटलेले सांधे जोडायला लागले ते त्याच हातानं. डोळ्याला लावायचं भिंगही तेच होतं. लाखेची कांडी टेबलाच्या खणात असे, पेनाशेजारी.

त्यांचा एक नियम होता. ज्यानं गेम उतरवला, त्यानं स्वतः येऊन शेजारी बसायचं. बाकी कुणी चालायचं नाही.

हा नियम फार लोकांना जड जाई, कारण कॉम्प्युटर घेऊन येणारा प्रत्येक माणूस दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगायचा. एक बाई आल्या त्या दारातूनच सांगत आल्या, "अण्णा, मी हात बी लावलो न्हाय हं त्याला. आपोआप झालंय." एकदा जवळच्या तालमीतले एक पैलवान टॉवेलमध्ये लॅपटॉप गुंडाळून आले. कान मोडलेले, मान दिसतच नव्हती.

"पुतण्यानं काय तरी केलंय," ते म्हणाले.

"काय उतरवलंय?"

"गाड्यांचं कायतरी हाय. शर्यतीचं."

"मग पुतण्याला घेऊन या की."

"शाळेत गेलाय."

"सुटू दे शाळा. आमाला काय घाई न्हाय."

पैलवान गेले. दुसऱ्या दिवशी एकटेच आले, स्टुलावर बसले, स्टूल कुरकुरलं. बराच वेळ पंख्याकडे बघून म्हणाले, "अण्णा, पुतण्या मीच हाय."

अण्णा हसले नाहीत. कुणी खरं बोललं की ते हसत नसत. फक्त भिंग डोळ्याला लावत, म्हणजे आता काम सुरू. "असू द्या. गाडी चांगली चालवतासा का तरी?"

"तिसऱ्या वळणावर जातीय ओ गटारात," पैलवान कळवळून म्हणाले.

मग अण्णा समोरच्याला नेहमीचा प्रश्न विचारत. गेमबरोबर एक कागद येतो, कसं बसवायचं ते सांगणारा. त्यात पहिली ओळ काय होती? प्रत्येकाला ती आठवे. आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर गेम चालणार नाही.

"म्हणजे चोर दारात हुबा ऱ्हाऊन म्हणतो, पावणं, आधी तुमचं कुत्रं बांधा," अण्णा म्हणत. "आणि तुम्ही बांधलासा. वर त्याला विचारलासा, च्या घेणार का?"

हे ते रागानं म्हणत नसत. त्यांना त्याचं खरोखर नवल वाटे. इतकी वर्षं तेच नवल त्यांना रोज नव्यानं वाटत होतं, असं मला वाटतं.

दुसरी एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हुपरीत चांदीच्या घरचा केर बाहेर टाकत नाहीत. कानशीनं घासताना उडालेली चांदी त्यात असते. झाडलेला केर डब्यात साठवतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा घंगाळात धरून ठेवतात, आणि कधीतरी ते सगळं आटवलं की बोराएवढी चांदी हाताला लागते. अण्णांनी हे कॉम्प्युटरलाही लावलं होतं. मशीन पुसून कोरं करण्याआधी आतलं सगळं ते एका जुन्या डिस्कवर उतरवून ठेवत, ती डिस्क कागदात गुंडाळत, वर नाव लिहीत आणि घडीवर लाखेचा ठिपका देत. दुकानभर बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, त्यात अशा पुड्या. त्या ते उघडत नसत, एवढं मी पाहिलं आहे. तरी लोकांना न विचारता त्यांचं घर असं डब्यात ठेवणं बरोबर होतं का? मला आजही ते पूर्ण पटत नाही. मी ते त्यांना कधी बोलले नाही. आणि बोलायचा हक्क मला उरलाही नव्हता.

माझे बाबा शाळेत क्लार्क होते. रोज पहाटे ते पंचगंगेवर पोहायला जात आणि घाटाच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत ते वरून मोजून येत. घरी आले की ओल्या केसांनीच कॉम्प्युटरपाशी बसून तो आकडा टाकत. कधीकधी मला टाकायला सांगत. मी इंग्लिश मीडियमची. ते "एकोणचाळीस" म्हणायचे आणि मी विचारायचे, "म्हणजे ट्वेंटी नाइन?" ते न चिडता सांगायचे, "थर्टी नाइन." अकरा वर्षांचे आकडे होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कशासाठी ते विचारलं तर त्यांना उत्तर देता येत नसे. पण पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की गल्लीतल्या बायका आमच्या दारात यायच्या. "गेल्या वर्षी ह्या दिवशी किती होतं ओ?" बाबा फाइल उघडून सांगायचे, आणि त्यावरून कोण सामान माळ्यावर टाके, कोण दोन दिवस थांबे. बाबा तसे घाबरट, कमी बोलणारे. माझ्यासारखेच. पण त्या वेळी दारात उभे असताना ते उंच दिसायचे.

मला एक गेम हवा होता. त्यात एक बेट आहे, एक दीपगृह, एक होडी आणि पुष्कळ पाणी. मारामारी नाही. मुख्य म्हणजे त्यात कुणी बोलत नाही, त्यामुळे कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. तो विकत घ्यायचा तर बाबांच्या फोनवर ओटीपी आला असता आणि बाबांनी विचारलं असतं, कशासाठी? एवढंच विचारलं असतं, रागावले नसते. मला तेवढंही सांगायचं नव्हतं. एकोणीस वर्षांची मुलगी होडीत बसून नुसतं पाणी बघते, हे तोंडानं कसं सांगायचं?

म्हणून मी तो फुकट उतरवला. खाली लोकांनी लिहिलं होतं, मस्त चालतो, धन्यवाद. ते लोक खरे असतील असं मला वाटलं. कागदातली पहिली ओळ वाचली आणि कुत्रं बांधलं. दोन दिवस मी त्या बेटावर होते, आणि इतकी शांत मी त्याआधी कधी नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा घाटावरून आले आणि फाइल उघडेना. सगळ्या फाइलींच्या नावांपुढे एक भलतंच शेपूट आलं होतं. पडद्यावर लाल चौकोनात इंग्लिश मजकूर होता. माझं इंग्लिश चांगलं म्हणून बाबांनी मलाच तो वाचायला सांगितला. मी वाचला, आणि मराठीत सांगितला. तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप लागलंय. किल्ली हवी असेल तर पैसे द्या.

"पण आपण काय केलं?" बाबांनी विचारलं.

मी म्हणाले, "माहीत नाही."

ते दोन शब्द बोलायला किती सोपे गेले, ते मी विसरलेले नाही.

बाबा सगळंच घेऊन अण्णांकडे गेले. मशीन, पडदा, माउस, कीबोर्ड. मी स्कूटरवर मागे बसून पडदा मांडीवर धरला होता. अण्णांनी विचारलं, काय उतरवलं होतं?

"आमच्या घरात गेम खेळणारं कुणी नाही," बाबा ठामपणे म्हणाले.

अण्णांनी कीबोर्ड उचलला, खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि भिंग लावून बघितला. गेममध्ये चालायला चार बटणं लागतात. आमच्या कीबोर्डवर तीच चार जरा जास्त चमकत होती. मी त्याआधी फुकटातले साधेसुधे चालण्याचे गेम खेळत असे, वर्षभर. घासलेली चांदी ओळखणारा डोळा तो. त्यांनी भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि बाबांना म्हणाले, "आधी बँकेचं, मेलचं, सगळं पासवर्ड दुसऱ्या फोनवरनं बदलून टाका. चोरानं ते बी न्हेल्यालं असत्यात. पैसं द्यायचं न्हाईत. आणि उद्या पोरीला पाठवून द्या दुपारी. इंग्लिश वाचायला लागंल."

मी गेले. अण्णा रिकाम्या घरासमोर बसले होते आणि पडद्यावर माझं बेट होतं. तो लाल चौकोन मध्येच वर यायचा. ते त्याला एका बोटानं बाजूला सारायचे, ताटातली मिरची सारावी तसा.

"पाऊण तास झालं फिरतोय," ते म्हणाले. "दीपगृहाकडं वाटच घावंना. कुठनं जायचं गं?"

मी उभीच होते. मग मी पुढे वाकून त्या चार बटणांवर बोटं ठेवली आणि त्यांना नेलं. कातळाच्या मागून, गवतातून, पडलेल्या कुंपणावरून. दीपगृहाच्या खाली एक जुना दगडी धक्का आहे आणि त्याच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. तिथलं पाणी दिवसभरात चढतं आणि उतरतं.

अण्णांनी भिंग डोळ्याला लावलं.

फाइलीचं कुलूप काही उघडलं नाही. "ही असली कुलपं किल्लीबिगर उघडत न्हाईत," त्यांनी साफ सांगितलं. पण ते उठले, एक बिस्किटांचा डबा खाली काढला, आणि त्यातून बाबांच्या नावाची पुडी निघाली. आमचं मशीन एकदा नुसतं हळू चालतं म्हणून दुरुस्तीला आलं होतं, तेव्हाचा केर. साडेनऊ वर्षांच्या पायऱ्या त्यात होत्या. मधलं दीड वर्ष गेलं ते गेलं.

"हे मी बाबाला देतो," ते म्हणाले. "कसं झालं ते तू सांगायचं. माझ्याकडनं न्हाय जायचं."

मी मान हलवली. आणि सांगितलं नाही.

बाबांनी त्या दीड वर्षाच्या तारखा पुन्हा टाकल्या, एकेक, आणि त्यांच्यापुढचे चौकोन रिकामे ठेवले. अंदाजानं भरले नाहीत. त्या पावसाळ्यात बायका दारात आल्या. "गेल्या वर्षी ह्या दिवशी किती होतं ओ?" बाबा चौकटीला धरून म्हणाले, "गेल्या वर्षीचं माझ्याकडे नाही." बायका गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या फक्त दोघी आल्या. नंतर मोबाइलवर कुठूनतरी आकडे यायला लागले आणि कुणीच आलं नाही. मी आतल्या खोलीतून हे ऐकत असे, आणि मग कॉलेज सुटलं की अण्णांकडे जात असे. तिथे कुणाला तरी माझं खरं माहीत होतं, म्हणून तिथे बसता येत होतं. अण्णांनी मला पुन्हा एकदाही विचारलं नाही. आम्ही धक्क्यावर जायचो, पाणी बघायचो. कधीतरी मी त्यांना बाबा कसे मोजतात ते सांगितलं होतं, वरून खाली, ओठ न हलवता.

गेल्या हिवाळ्यात अण्णांच्या डोळ्यांनी दगा दिला. भिंगातूनही दिसेना. दुकान बंद करून ते हुपरीला बहिणीकडे जायला निघाले. पुड्या त्यांनी ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या केल्या. रिकामं घर मला दिलं, आणि सोबत एक शंभर पानी वही.

"नेटची वायर लावायची न्हाय ह्याला. कधीच," ते म्हणाले. "आणि फिरायला जात जा. घर बंद ठेवलं की त्याला वास येतो."

मी रिक्षातून ते मशीन घरी आणलं. बाबा घरी होते. त्यांनी कौतुकानं ते टेबलावर लावून दिलं, मागे वाकून बघितलं, आणि म्हणाले, "हे कशानं बुजलंय? नेट कसं जोडायचं?" त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि लाख खरवडायला लागले. तांबड्या कपच्या टेबलावर पडल्या.

"बाबा, नको."

"अगं, निघेल आत्ता."

"नको. आत चोर आहे. मी आणलेला."

ते थांबले. मग मी बोलत राहिले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मराठी बोलणं असेल ते. बेट, कुत्रं, ओटीपी, "माहीत नाही" म्हणाले ते, कीबोर्डची चार बटणं, दारातल्या बायका. बाबा हातात स्क्रूड्रायव्हर धरून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी तो खाली ठेवला, खुर्चीत बसले, आणि माझ्याकडे न बघता ती वही उघडली. बहुतेक हाताला काहीतरी हवं म्हणून.

मीही ती तोवर उघडली नव्हती. अण्णांच्या ठसठशीत अक्षरात, पानामागून पान, असं होतं: दुपार, सात पायऱ्या. दुपार, नऊ. दुपार, चार, पाणी चढतंय. दुपार, पोरगी आली न्हाय, आठ.

बाबा खूप वेळ वाचत होते.

"यात तारखा नाहीत," शेवटी ते म्हणाले. "तारखेशिवाय काय उपयोग?"

त्यांनी आणखी एक पान उलटलं.

"ह्या कुठल्या पायऱ्या? दाखव."

मी मशीन सुरू केलं. लाल चौकोन वर आला, मी तो बाजूला सारला. कातळाच्या मागून, गवतातून, कुंपणावरून मी बाबांना धक्क्यावर नेलं. तिथे संध्याकाळ होती. पाणी संथ होतं आणि त्यावर दीपगृहाचा उजेड येत होता, जात होता. बाबांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि पडद्याच्या जवळ गेले, इतके की त्यांच्या श्वासाची वाफ काचेवर दिसली.

"वरून मोजल्यात ना त्यांनी?"

"वरूनच."

त्यांचे ओठ हलले नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"अकरा," ते म्हणाले. मग बोट पडद्याला टेकवून, "ही दहावी आणि अकरावी बघ, अजून ओल्या आहेत. म्हणजे पाणी उतरतंय."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

"लिही. आणि तारीख घाल."